साळूबाईंच्या बारा मेंढ्या

मी मोबाईल बोलतोय. पासलीच्या वर डोंगराला लागून एक वाडी आहे, तिथल्या एका घरात मी राहतो. अमृतने मला भोरच्या दुकानातून आणलं आणि बायकोच्या, राजनंदिनीच्या हातात दिलं. तो टेम्पोवर असतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. बाकीच्या दिवसांत घरात मी एकटाच मोबाईल. रेंज फक्त खिडकीपाशी, म्हणून माझी जागाही तिथेच.

त्या खिडकीखाली अमृतच्या आईची, साळूबाईंची खाट आहे. मेंढरांमागे जाताना खडकावरून पाय घसरला आणि त्यांचा खुबा मोडला. चारायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मेंढरं विकली. तेव्हापासून त्या दिवसभर छपराच्या पत्र्याकडे बघत पडलेल्या असायच्या.

राजनंदिनी माझ्यावर ‘शिवार’ नावाचा खेळ खेळायची. त्यात शेत करायचं, जनावरं पाळायची आणि लांबलांबच्या खेळाडूंशी बाजारात मालाची अदलाबदल करायची. एका दुपारी साळूबाईंनी मान वळवून पाहिलं.

“मेंढ्या बी हायेत व्हय यात?”

“हायेत की आत्या. तुमाला देऊ खातं काढून?”

असं माझ्यात दुसरं खातं उघडलं. साळूबाईंना वाचता येत नाही, पण चित्रं कळायची. बघता बघता बारा मेंढ्या झाल्या. नावं त्या सांगायच्या, सून लिहायची: बांडी, मोरी, कानतुटी. विकलेल्यांचीच नावं ती. जाडसर बोट माझ्या काचेवर टेकवून त्या मेंढ्यांना हाका मारायच्या. मला ते बोट आवडायचं.

लोकर निघाली की त्या सुनेला द्यायच्या. “घे गं, मला काय करायची हाय?” काहीतरी घेतल्याशिवाय व्यवहार पुरा होत नसे, म्हणून सून बदल्यात एक दाणा द्यायची. पुढे साळूबाईंचा डोळा लागला की राजनंदिनी स्वतःच त्यांच्या खात्यात शिरून लोकर काढून घेऊ लागली. विचारणं सुटलं. तिचा माल वाढला आणि खेळातल्या गटाने तिला बाजारप्रमुख केलं. सासरी-माहेरी तिला कुणी कशाचं प्रमुख केलं नव्हतं. ‘बाजारप्रमुख’ असं नाव झळकलेल्या पानाचा फोटो काढून तिने भाकरी थापताना मला परातीसमोर उभं करून ठेवलं, नाव दिसत राहावं म्हणून.

मग किकवीच्या इंद्रजितचा फोन आला. तो त्या गटाचा म्होरक्या.

“वहिनी, तक्रार आलीया. एका फोनवरची दोन खाती, आन् एका दाण्याला लोकर.”

“आवो, ते सासूबाईंचं खातं हाय. खरं माणूस हाय.”

“मान्य. घरात दोघी खेळत असाल तर तसं कळवायचं, आन् आपसात व्यवहार करायचा न्हाई. नियम हाय तसा. काही लोक धा-धा खाती काढून एकाचीच भर करत्यात. ज्याचं एकच खातं हाय, त्यानं बाजारात काय करायचं?”

त्याचं बरोबर होतं.

“मग आता?”

“घेतलेली लोकर माघारी द्या. दोन्ही खाती ऱ्हातील, पण प्रमुखपद जाईल. न्हाईतर दोन दिवसांत एक खातं कायमचं पुसा, पद ऱ्हाईल. काहीच न्हाई केलं तर दोन्ही बंद.”

दुसऱ्या दिवशी दुपारी साळूबाई झोपल्या होत्या. राजनंदिनीने लोकर परत द्यायचं पान उघडलं, थोडा वेळ बघितलं आणि मिटलं. मग सासूचं खातं उघडलं. मी विचारलं, ‘नक्की पुसायचं?’ मला तेवढंच विचारता येतं. तिने ‘हो’ दाबलं.

साळूबाई जाग्या झाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. “आन गं, मेंढ्या सोडू दे.”

“रेंज न्हाई आत्या.”

माझ्या माथ्यावर रेंजच्या साऱ्या रेघा उभ्या होत्या.

असं पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी इंद्रजित कामानिमित्त पासलीला आला होता, तो घरी डोकावला. पाण्याचा तांब्या हातात घेत त्याने साळूबाईंना सहज विचारलं, “आजी, तुमी का खेळ सोडला? खातं पुसलं म्हणं.”

साळूबाई सुनेकडे वळल्या. इंद्रजितच्या लक्षात आलं, त्याने पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला.

“समद्या गेल्या?” साळूबाईंनी सुनेला विचारलं.

“व्हय.”

“मी रोज इचारत व्हते, आन् तू रोज रेंज म्हणत व्हतीस.”

त्याच संध्याकाळी राजनंदिनीने पद सोडलं. आपल्या खात्यात बारा मेंढ्या घेतल्या, त्यांना तीच नावं दिली आणि मला खाटेपाशी नेलं. “आत्या, बघा तरी. समद्या हायेत.”

साळूबाईंनी बराच वेळ पाहिलं. “ह्या तुझ्या हायेत, पोरी. माझ्या मी वळखती.” त्यांनी मला हळूच बाजूला सारलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

आता खेळ कुणीच उघडत नाही. मी खिडकीत पडून असतो, अमृतचा फोन आला की वाजतो. दोघी एकाच घरात जेवतात, कामापुरतं बोलतात.

वाचणाऱ्यांनो, तुम्ही दाबाल ते मी करतो. नको म्हणणं माझ्या हातात नाही. तुमच्या घरच्या मोबाईलमध्ये दुसऱ्या कुणाचं काही असेल, तर पुसण्याआधी एवढं करा: ते माणूस झोपलं असेल तर त्याला उठवा.