टोपी घालणारा जावई

हणमंतरावांचं कन्नड मुलखात, यशवंतपूरला तेलाचं दुकान होतं. धंद्यात त्यांना आजवर कुणी फसवलं नव्हतं. म्हणूनच, धंद्यात घडलं नाही ते सोयरिकीत घडणार, अशी धास्ती त्यांनी घेतली होती. मुलगी कावेरी लग्नाची झाली होती. तिच्यासाठी परसू नावाचा मुलगा सांगून आला. एका मोठ्या प्रयोगशाळेत वायूचे सिलिंडर ठेवायच्या कोठाराचा ताबा त्याच्याकडे. पगार बरा, व्यसन नाही. हणमंतरावांच्या बायको कस्तुराबाई तर सुपारी फोडायला टपूनच बसल्या होत्या. पण आपण चौकशी केल्याशिवाय शब्द द्यायचा नाही, असं बायकोला बजावून हणमंतराव एका दुपारी दुकानातूनच परस्पर निघाले.

कोठाराच्या फाटकाशी मल्लाप्पा हमाल शेंगा खात बसला होता. बेळगावकडचा, त्यांच्याच भागातला निघाला. गावाकडची ख्यालीखुशाली झाली आणि गाडी परसूवर आली.

"फार शिस्तीचा माणूस, अण्णा," मल्लाप्पा म्हणाला. "टोपी घातल्याशिवाय कुणाला दाराबाहेर सोडत नाही."

हणमंतराव आणखी जवळ सरकले. कन्नडात घाला नाही तर मराठीत, टोपी घालणं म्हणजे गंडवणंच. साहेबांना हे ठाऊक आहे का, असं त्यांनी हळूच विचारलं.

"साहेबांनीच शिकवलं की. मला आधी स्वल्प जड गेलं. आता मीही घालतो."

मल्लाप्पा बोलत होता सिलिंडरांबद्दल. रोज अंगाखांद्यावर वागवून तो त्यांना माणसांतच धरायला लागला होता. पण हे हणमंतरावांना कोण सांगणार? मल्लाप्पाची तारीफ चालूच होती. आल्या आल्या परसू प्रत्येकाला साखळीनं भिंतीशी बांधतो. आडवं म्हणून होऊ देत नाही. भरल्या पोटाचे एकीकडे, रिकाम्या पोटाचे दुसरीकडे.

भिंतीशी साखळीनं बांधलेली, उपाशी उभी असलेली कावेरी हणमंतरावांच्या डोळ्यांपुढे आली. ते तरातरा आत शिरले. रागानं धाप लागली होती, म्हणून आधाराला त्यांनी जवळच्या सिलिंडरच्या डोक्यावरच्या पितळी तोटीकडे हात नेला. तो पोचायच्या आतच कुणीतरी त्यांचं मनगट धरलं.

"हाताला काय लागलंय?" परसूनं विचारलं.

"शेंगतेल. घाण्याचं, अस्सल."

"हा ऑक्सिजन आहे. तोटीला तेल लागलं आणि वायू सोडला, तर काडी न लावता भडका उडतो."

मग त्यानं त्यांना नळाकडे ओढत नेलं आणि साबण लावून कोपरापर्यंत हात घासून काढले. ज्या तेलावर घर उभं राहिलं, ते असं कुणी खरवडून काढलं नव्हतं. हात घासून घेता घेता हणमंतरावांनी टोपीचा जाब विचारला.

परसूनं एका सिलिंडरकडे बोट दाखवलं. त्याच्या तोटीवर जाड लोखंडी टोपी घट्ट फिरवून बसवली होती. हलवताना सिलिंडर पडला आणि तोटी तुटली, तर तो तोफगोळ्यासारखा भिंत फोडून जाईल. म्हणून आधी टोपी घालायची, मगच हलवायचा. उभा असताना कोलमडू नये म्हणून साखळी. आणि भरला कुठला, रिकामा कुठला, याचा घोटाळा नको म्हणून दोघांची जागा वेगळी.

हणमंतरावांनी ती टोपीवाली रांग बघितली. सगळे कसे मुहूर्ताला उभ्या वऱ्हाडासारखे दिसत होते.

"मी हणमंतराव," ते म्हणाले. "कावेरीचा बाप."

परसूच्या हातातला साबण निसटला.

"पोरगी तेलातच वाढलीय. चालेल तुम्हाला?"

दुसऱ्या कुणी लगेच हो म्हटलं असतं. परसूनं खरोखरच विचार केला.

"घरात हवं तेवढं तेल असू दे, अण्णा. पण त्या इथं जेवणाचा डबा घेऊन आल्या, तर फाटकाबाहेरूनच द्यायचा."

"सरी, चालेल," म्हणून हणमंतराव निघाले.

घरी कस्तुराबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. मुलगा कसा आहे, असं त्यांनी विचारलं.

"टोपी घालतो," हणमंतराव चपला काढत म्हणाले. "खात्री करून आलोय. सुपारी फोडायला बोलाव त्यांना."