ड्रमच्या पोटातला माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. माइक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर व्यासपीठ येतं, हारतुरे येतात, टाळ्या येतात. कसलं काय! मी सध्या एका मोठ्या ड्रमच्या पोटात पडून आहे. खाली जुनं ब्लँकेट, पुढे काळा पडदा, मागे पांढरा पडदा आणि चहूबाजूंनी लाकूड. इथे ना दिवस कळतो ना रात्र.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात एक लोहचुंबक, तारेचं छोटं वेटोळं आणि त्यावर पातळ पापुद्रा. आवाज पापुद्र्याला धडकला की माझ्यात आपोआप बारीकशी वीज तयार होते. मला बॅटरी लागत नाही, लाड लागत नाहीत. वायर मात्र लागते. वायर नसेल तर मी ऐकलेलं माझ्याच पोटात राहतं.

पहिली काही वर्षं मी एका सभागृहात काढली. जो यायचा तो आधी माझ्या डोक्यात टपली मारायचा आणि मग ‘हॅलो, हॅलो’ करायचा. मोठमोठ्या लोकांची थुंकी मी झेलली आहे हो! पुढे तिथे नवे माइक आले आणि माझी रवानगी जुन्या-नव्या सामानाच्या दुकानात झाली.

तिथे एके दिवशी दोघं आली. मावसभाऊ आणि मावसबहीण. ती ड्रम वाजवायची, म्हणून घरात तिला ढमाबाई म्हणत. तो रेकॉर्डिंग करायचा. त्याचे कान इतके तिखट, की पंख्याचा कुठला स्क्रू ढिला आहे ते खाली बसून सांगायचा. त्याला सगळे कानसेन म्हणत.

ढमाबाईचा जीव नव्याकोऱ्या सात माइकच्या संचावर जडला होता. चकचकीत पेटी, स्वस्तात मस्त.

“दादा, हाच घेऊ या ना! सातच्या सात एकदम!”

“आपल्या रेकॉर्डिंगच्या यंत्राला वायरी जोडता येतात चारच. उरलेल्या तिघांचं काय लोणचं घालायचं?” कानसेन म्हणाला. “हे बघ, वरून अख्खा ड्रम ऐकणारे दोन माइक बरे घेऊ. खिसा तिथे हलका करायचा. छोट्या ड्रमला एक साधा. आणि मोठ्या ड्रमच्या पोटात घालायला हा म्हातारा.”

म्हातारा म्हणजे मी. त्याने माझी जाळी काढून हुंगली, मला दुकानातल्या एका यंत्राला जोडलं आणि समोरच्या लाकडी पेटीवर मूठ आपटली. मग कान टवकारून हसला. “पोचे आलेत, पण पोटातलं ऐकतो.” मित्रांनो, इतक्या वर्षांत माझी कोणी स्तुती केली असेल तर ती तेवढीच, आणि ती मला अजून पुरते आहे.

मग चांगले दिवस आले. मोठ्या ड्रमच्या पुढच्या पडद्याला एक भोक होतं. त्यातून मला आत ब्लँकेटवर निजवत, वायर बाहेर. ढमाबाईने पायाने दांडी दाबली की धम्म! मी तो धम्म उचलून कानसेनच्या कानांपर्यंत पोहोचवायचो. दोघांनी मिळून स्वतःची गाणी रेकॉर्ड करायला घेतली होती. भांडायची, हसायची, पुन्हा वाजवायची. ढमाबाईची आई आतून ओरडायची, “अरे, भिंती पडतील!”

एका संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम होता; माइक तिथलेच मिळणार होते. पुढचा पडदा भोकापाशी फाटला होता आणि ढमाबाईने नवा आणला होता. काळा, झगमगीत आणि बिनभोकाचा. फोटोत छान दिसेल म्हणून. कानसेन गाडी बघायला गेला होता. तिने घाईघाईने माझी वायर उपसली, गुंडाळून ठेवली, नवा पडदा बसवला आणि एकेक स्क्रू पिळला. मी आतच. ‘अगं, मी! मी राहिलो!’ पण माइकने ऐकायचं असतं, बोलायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने माइकची पेटी उघडली. माझी जागा रिकामी. तिने पलंगाखाली पाहिलं, गाडीत पाहिलं, शेजाऱ्यांकडे विचारलं. ड्रमच्या आत काही तिने पाहिलं नाही. मग कानसेन आला.

“दादा, मोठ्या ड्रमचा माइक कुठंय?”

“पेटीत असेल.”

“नाहीये. मागे एकदा तू न विचारता एक नेला होतास.”

“दुसऱ्या दिवशी आणून दिला होता ना? सांगितलंही होतं.”

“आणल्यावर सांगितलंस.”

 मग तो म्हणाला, “म्हणजे मी चोर?”

“मी तसं म्हटलं का?”

“मग कसं म्हटलंस?”

तेवढ्यात आतून आई म्हणाली, “बाहेरचं कोण येतंय इथे? घरातल्यानेच नेला असणार!”

मित्रांनो, मी त्या दोघांच्या पावलांपासून हातभर अंतरावर होतो. एकेक शब्द माझ्या पापुद्र्यावर थरथरत होता. माझ्यात वीज तयार होत होती आणि तिथल्या तिथे विरत होती. असा तडफडलो, काय सांगू! कानसेनने त्याच्याकडची या खोलीची किल्ली माझ्या डोक्यावरच्या लाकडावर ठेवली आणि तो निघून गेला. तो पुन्हा आला नाही. आई आणि मावशी, सख्ख्या बहिणी, त्यांचंही बोलणं तुटलं. गाणी अर्धवट राहिली.

ढमाबाईने शेवटी तो सात माइकचा संच आणलाच. पण आता प्रत्येक धम्मबरोबर एक ‘टक’ येऊ लागला. तो मीच. धक्क्याने ब्लँकेटवरून घसरून मी लाकडावर आपटत होतो. तेवढंच काय ते मला बोलता येत होतं. तिने पायाच्या दांडीला तेल घातलं, स्क्रू आवळले, नव्या माइकना शिव्या घातल्या. टक काही जाईना.

अखेर वैतागून तिने पुढचा पडदा काढला.

उजेड! मला तर भरूनच आलं. “अगं बाई...” एवढंच ती म्हणाली आणि मला मांडीवर घेऊन खाली बसली. बाहीने माझी धूळ पुसली. खूप वेळाने तिने फोन लावला. मी जवळच होतो, मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

“बोल,” कानसेन म्हणाला. त्या एका शब्दात किती वाट पाहिलेली होती, ते माझ्यासारख्या माइकलाच कळावं.

“काही नाही,” ती म्हणाली. “चुकून लागला.”

“बरं.” पण त्याने फोन ठेवला नाही. “तुझं नवं रेकॉर्डिंग ऐकलं. पायाच्या ठोक्याला टक येतोय. आत काहीतरी सुटं आहे. एकदा ड्रम उघडून बघ ना.”

तिचा हात माझ्यावर घट्ट आवळला गेला. आता सांगेल, आता सांगेल, असं मला वाटत होतं. सांगायचं म्हणजे आईला सांगायचं, मावशीला सांगायचं, सगळ्या घरासमोर मान खाली घालायची.

“बघितलं उघडून,” ती म्हणाली. “आत काही नाही.”

“काही नाही?”

“नाही.”

 मग त्याने फोन ठेवला.

ती रडली, हे मला सांगायलाच हवं. मग उठली. मला ब्लँकेटमध्ये घट्ट गुंडाळून दोरीने बांधलं, परत आत ठेवलं आणि पडदा बसवून एकेक स्क्रू पिळला. आता टकही येत नाही.

मित्रांनो, माइकला ओल लागू देऊ नका, आपटू नका, डोक्यात टपल्या मारू नका, हे सगळं मी सांगणारच होतो. पण ते राहू द्या. तुमची हरवलेली वस्तू सापडली, तर ज्याच्यावर आळ घेतला होता त्याला आधी सांगा. मला बाहेर काढायचं राहिलं तरी चालेल.