चार्जिंगची वायर

सकाळी मंदिरातून आल्यावर मी दिवसाचे नियम धरते. आज किती पदार्थ खायचे, कितीदा पाणी प्यायचं, गावाबाहेर किती लांब जायचं, कोणत्या वाहनात बसायचं. सासूबाईंनी लावलेली सवय. जे लागणार नाही ते सकाळीच सोडून मोकळं व्हावं, असं त्या सांगायच्या. घरात नुसती स्कूटर होती तोवर वाहनाचा नियम फार सोपा होता. मी स्कूटरवर बसतच नव्हते.

गाडी माझ्या गुडघ्यांसाठी घेतली, असं हे सगळ्यांना सांगत. बीबी या बाजारगावाच्या अलीकडं, सडकेला लागून आमचं गाव. पुढं दुकान, मागं घर. यांचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं. औषधांच्या खोलीत मी कधी पाऊल टाकलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा एकदाच म्हटलं होतं की आपण जैनांनी अळ्या मारायचं सामान विकू नये. हे म्हणाले, "मी विकतो. मारणारा मारतो." त्यानंतर तीस वर्षं मी तो विषय काढला नाही. त्याच दुकानावर आमचा मुलगा आल्हाद पुण्यात शिकला आणि तिथंच नोकरीला लागला.

हायब्रीड गाडी घ्या, हा त्याचाच हट्ट. माझी अट एवढीच होती की धूर कमी असावा. जालन्याच्या शोरूममधला माणूस मला पुन्हा पुन्हा समजावून सांगत होता.

"काकू, ही पेट्रोलवर चालते अन् बॅटरीवरही. हळू असली की बॅटरी, जोरात असली की इंजिन. अन् बॅटरी चालता चालता आपोआप भरते. घरी वायर लावायची भानगडच नाही."

"म्हणजे चार्जिंग कधीच नाही?" यांनी विचारलं.

"कधीच नाही, शेठ. चार्जिंगचं भोकच नाही हिला."

हे मोठ्यानं हसले होते. घरी येईपर्यंत दोनदा ते वाक्य म्हणाले.

गाडी आली त्या दिवशी दुकानापुढं गर्दी जमली. चाकाखाली लिंबू ठेवू दिलं नाही म्हणून चार जण माझ्यावर नाराज झाले. कचरू सगळ्यात पुढं होता. नाल्यापलीकडच्या वस्तीत राहायचा आणि लोकांच्या कपाशीत रोजानं फवारणी करायचा. त्याच्या घरी लाइटीचा भरवसा नसे, म्हणून त्याचा चार्जिंगचा पंप रोज संध्याकाळी आमच्या ओसरीत लागलेला असायचा. सकाळी सातला येऊन तो पंप पाठीला अडकवायचा, मला "रामराम काकू" म्हणायचा आणि जायचा.

"कोन्ती म्हन्ता शेठ, हायब्रीड?"

"हाव."

"मंग इचं बी ठेवता येत नाई. दरसाली नवी आना लागते."

सगळे हसले. हे म्हणाले, "तू आधी एक घे बे, मंग बी ठेव."

बीटी कपाशी नवी होती तेव्हा तिच्या कंपनीचा माणूसही आमच्याच ओसरीत चहा पीत बसायचा. तोही त्या शोरूमवाल्यासारखाच बोले: फवारणीची भानगडच नाही. पहिली काही वर्षं ते खरंही झालं. मग गुलाबी बोंडअळी आली ती गेलीच नाही, आणि आता त्याच कपाशीला सहा-सहा, सात-सात फवारे लागतात. गाडी आल्यानंतरच्या हंगामात यांनी स्वतःच एक मिश्रण ठरवलं होतं. तीन औषधं एका पंपात. दुकानाच्या पडद्याआडून मला ऐकू येई, "तिन्ही मिळून मारा, अळीचा बापही राहत नाही." तिसऱ्या बाटलीवर लेबलाचा कागद नव्हता. ती कुठून यायची ते मी विचारलं नाही.

गाडी आली त्या दिवाळीत आल्हादनं मला ती शिकवली. क्लच नाही, दोनच पेडल. शाळेच्या मैदानात आठ दिवसांत हात बसला. पुढं मी एकटी देऊळगाव राजाच्या मंदिरात जाऊन येऊ लागले. गाडीची किल्ली स्वयंपाकघरात माझ्या हाताशी असायची.

भाद्रपदात दशलक्षणाचे दहा दिवस आम्ही पाळतो. पुढच्या वर्षी मी एकभुक्त होते आणि दहाही दिवस वाहनाचा त्याग केला होता. देवापुढं हात जोडून केला होता. फवारणीही तेव्हाच ऐन भरात असते.

सहाव्या दिवशी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, विमलबाई कचरूला खांद्याचा आधार देत अंगणात आली. ही त्याची बायको; तो फवारत होता त्याच वावरात निंदायला होती.

"शेठ, पाहा ना यांले काय झालं."

त्याचा सदरा पाठीला चिकटलेला होता. पंप गळत होता, ती सांगत होती, आणि हा म्हणे पाच पंप संपवूनच थांबतो. त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि ती पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"काकू, दिसून नाई राह्यलं. सारं धुईधुई दिसून राह्यलं."

मी सदरा काढला, तांब्या तांब्यानं पाणी ओतलं. त्याच्या दंडाचं मांस आपोआप फुरफुरत होतं, जसं गोमाशी बसल्यावर बैलाचं कातडं हलतं. पायरीशी त्याला उलटी झाली. हे दुकानातून बाहेर आले.

"शेठ, गाडी काढा," विमलबाई म्हणाली. "देऊळगावच्या दवाखान्यात न्या यांले. पाया पडते तुमच्या."

"कोन्तं मारलं रे?" यांनी विचारलं.

"तुमीच देल्लं ते," कचरू म्हणाला. "तिन्ही."

यांचा चेहरा उतरला. दवाखान्यात आणणाऱ्याचं नाव लिहून घेतात, औषध कुठलं तेही लिहून घेतात. ते मला तेव्हाच समजलं. यांना माझ्या आधी समजलं होतं.

"गाडीत चार्जिंग नाही," हे म्हणाले. "रात्री लाइट कुठं होती?"

मी तांब्या घेऊन उभी होते. यांनी माझ्याकडं पाहिलं, फक्त एकदा. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये दहा पावलांवर होती, किल्ली स्वयंपाकघरात. मी तोंड उघडलं, आणि मला आठवलं की आज माझं वाहन नाही. मी ते आठवू दिलं. यांच्यासमोर उभं राहून बोलायची मला तीस वर्षांत सवय नव्हती, आणि न बोलायला माझ्याकडं देवापुढं घेतलेलं कारण होतं.

कचरूच म्हणाला, "राहू द्या शेठ. चार्जिंग नाई त काय करसान. माह्या पंपाचंबी असंच होते."

एकशे आठला फोन लावला, ती गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती. मग यांनी अकरमला फोन केला. त्याचा मालाचा ऑटो बीबीच्या बाजारात होता. तो यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ कचरू आमच्या ओसरीत पडून होता, त्याचा पंप लागायचा त्याच जागी. मी त्याच्या उशाशी बसून णमोकार म्हणत होते.

"काय म्हनून राह्यल्या काकू?" त्यानं विचारलं.

"देवाचं नाव घेते."

"घ्या," तो म्हणाला. त्यानंतर त्याच्या छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज सुरू झाला.

अकरम आला तो आरडाओरडा करतच. "अरे, घरमें गाडी खडी है ना! माझी वाट काऊन पाह्यली?" यांनी त्यालाही तेच सांगितलं. अकरमनं कपाळावर हात मारला आणि पोत्यांवर कचरूला निजवलं.

देऊळगावच्या वाटेवर, दुसरबीडच्या पुढं तो गेला. विमलबाईच्या मांडीवर.

त्या दिवशी मी जेवले नाही. संध्याकाळी वावराच्या मालकानं कचरूचा पंप आणून आमच्या ओसरीत ठेवला. दिवे लागायच्या वेळी यांनी पंपाची एक्स्टेंशन वायर उचलली, एक टोक ओसरीतल्या प्लगमध्ये घातलं आणि दुसरं नेऊन गाडीच्या बॉनेटखाली सरकवलं. तिथं ते टोक फरशीवर नुसतं पडून राहिलं.

"हे काय?" मी विचारलं.

"लोक पाहतात," हे म्हणाले.

रोज संध्याकाळी वायर लागायची, रोज सकाळी हे ती गुंडाळायचे. शेजारचे महादेवराव कुंपणाशी उभे राहून म्हणाले, "किती युनिट खाते हो शेठ?"

"खाते चार-पाच."

"म्हंजे कुलरपेक्षा बरी."

मला वाटलं होतं एक-दोन दिवसांत यांना लाज वाटेल. तिसऱ्या दिवशी यांनी वायरीवरून कोणी जाऊ नये म्हणून दोन विटा ठेवल्या. आपलं वाक्य त्यांना आता खरंच वाटू लागलं होतं की काय, कोण जाणे. पोस्टमार्टम झालं होतं; औषध कोणी दिलं, कोण कुठं होतं, याचे जबाब व्हायचे होते. यांनी कागद नसलेल्या बाटल्या खोलीतून कुठंतरी हलवल्या. मी शास्त्र वाचायला बसे आणि त्याच ओळीवर बोट ठेवून राही.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आमची क्षमावाणी असते. वर्षभरात ज्याला ज्याला दुखावलं असेल त्याच्यापुढं हात जोडायचे. सकाळी मंदिरात सगळ्यांनी जोडले. घरी आल्यावर यांनी माझ्यापुढंही जोडले, दरवर्षीसारखे.

"माझी काही चूक झाली असेल तर क्षमा."

दरवर्षी मी "उत्तम क्षमा" म्हणते. या वर्षी नाही. मी म्हटलं, "मी विमलबाईकडं जाते."

यांनी जोडलेले हात खाली घेतले. "जा," म्हणाले. "पण रडून ये. बोलून येऊ नको."

मग ते दुकान उघडायला गेले. दहा दिवसांचा त्याग संपला होता. मी देवापुढं उभी राहून त्या दिवसाचे नियम धरले. वाहन, एक. बॉनेटखालची वायर पायानं बाजूला केली, कचरूचा पंप मागच्या सीटवर ठेवला आणि मागच्या वाटेनं नाल्यापलीकडं गेले.

विमलबाई उंबऱ्यात बसली होती. गाडी जवळ येईपर्यंत तिला समजलंच नाही. मग दचकून तिनं वर पाहिलं.

"या काकू. चहा नाई विचारत, आमच्या इथला तुमाले चालत नाई."

मी पंप तिच्यापुढं ठेवला आणि जमिनीवर बसले. हात जोडले. शब्द म्हणायच्या आधीच ती म्हणाली, "तुमी आल्या हेच लय झालं. तुमचा काय दोष त्यात? गाडीत चार्जिंगच नव्हती. आमचे हे मलेबी ऑटोत तेच सांगत व्हते, शेठले बोलू नको म्हने."

इथं थांबता आलं असतं. तिनं तर क्षमा केलीच होती.

"विमलबाई, त्या गाडीला चार्जिंग लागत नाही," मी म्हटलं.

तिला समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. "ती आपोआप भरते. त्या दिवशी ती चालत होती. मलाही चालवता येते. मला माहीत होतं."

"मंग वायर? सारं गाव म्हन्ते वायर लागते."

"वायर त्यानंतर लागली. खोटी."

एक कोंबडी पंपाच्या पट्ट्यावर चोच मारत होती. विमलबाईनं तिला हाकललं आणि हात तसाच हवेत राहिला.

"मंग काऊन नाई नेलं?"

"हे घाबरले. औषध यांनीच दिलं होतं."

"अन् तुमी?"

मी तिला वाहनाचा त्याग काय असतो ते सांगितलं. सांगताना माझा आवाज इतका लहान झाला की तिनं पुढं वाकून ऐकलं.

"म्हंजे उपास," ती म्हणाली. "उपास मोडत व्हता."

"मोडता आला असता. आमच्यात त्यालाही वाट आहे. मी मोडला नाही."

ती उठली. आत गेली. मला वाटलं ती आता बाहेर यायची नाही. भांड्याचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला. ती तोंड धुऊन, पदर नीट करून बाहेर आली आणि हातात घडी केलेलं एक लुगडं होतं.

"तुमी हात जोडले ते मले समजत नाई काकू. ते तुमचं तुमी पाहा," ती म्हणाली. "मले त्या गाडीत बसवा."

"कुठं जायचं?"

"जिथं लिहून घेतात तिथं. आता मले सांगतलं ते तिथं सांगा. साऱ्यांसमोर."

मी दार उघडलं. तिनं चप्पल बाहेरच काढली, मी नको म्हटलं तरी काढली आणि हातात घेतली. मागच्या सीटवर ते लुगडं अंथरलं आणि त्याच्यावर अंग चोरून बसली. तिथंच कचरू निजला असता. तिनंही तोच विचार केला असावा, कारण ती लगेच एका कडेला सरकली आणि बाकीची सीट मोकळी ठेवली.

पोलीस ठाण्याकडं जायची वाट आमच्या दुकानावरूनच आहे. हे शेडसमोर वायर गुंडाळत उभे होते. गाडी येताना ऐकू आली नाही, एकदम दिसली. आधी मी दिसले, मग मागं विमलबाई. ते हात वर करून सडकेच्या मधोमध आले.

मी काच खाली केली.

"कुठं चाललीस?"

"जबाब द्यायला," मी म्हटलं.

"खाली उतर. घरात ये आधी. आपण बोलू."

"माझं आजचं वाहन हेच आहे," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

ते बाजूला झाले की मी गाडी वळवून काढली, ते आता नीट आठवत नाही. आरशात ते वायर हातात घेऊन उभे दिसले, मग वळण आलं.

दोन्ही बाजूंना कपाशी होती, कंबरेइतकी, हिरवीगार. एका वावरात कोणीतरी तोंडाला दुपट्टा बांधून फवारा मारत होतं. विमलबाई त्याच्याकडं मान वळवून पाहत राहिली, तो मागं पडेपर्यंत.

"खरंच नाई लागत चार्जिंग?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही," मी म्हटलं.