तुटलेली तार आणि चालू राहिलेला आवाज

दोन तारा मिळून एक कशा होतात हे दिपालीने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. प्रत्यक्ष एक तुटताना मात्र तिने कधी पाहिली नव्हती.

धारूरच्या एका नव्या दवाखान्यात नेटवर्कचं काम तिच्याकडे होतं. एक स्विच, म्हणजे नेटवर्कच्या तारा जोडायची पेटी, तळमजल्यावर, दुसरा वर बाळंतिणींच्या खोलीजवळ. मध्ये तिने दोन केबली टाकल्या, एक जिन्याच्या भिंतीतून आणि एक मागच्या बाजूने. मग दोन्ही स्विचच्या सेटिंगमध्ये त्या दोन तारांचा एकच रस्ता केला.

"एकीवर भागतंय तर दुसरी कावून?" व्यवस्थापक आसाराम म्हणाले होते.

"दोघी काम वाटून घेतेत, साहेब. एक गेली तर दुसरी सगळं वढती."

आसारामांना काही ते पटलं नाही.

महिन्याने, भर दुपारी, बायनाबाई नावाची ऊसतोडीची बाई वर अडली. डॉक्टर केजहून निघाले होते, अजून वाटेतच होते. सारजाबाई सिस्टर एकट्याच. संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाई व्हिडिओवरून त्यांना सांगत होत्या. खाली, तपासणीला आलेली दिपाली लॅपटॉपवर पाहत होती: व्हिडिओ जिन्याच्या तारेवरून चालला होता, इतर पेशंटांचे एक्स-रे दुसरीवरून.

जिन्यात प्लंबर सटवा पाइपासाठी भिंतीला ड्रिल मारत होता. कर्रर्र आवाज झाला आणि स्विचवरचा एक हिरवा दिवा विझला. जिन्याच्या तारेचाच.

दिपाली धावत वर गेली, "मशीन बंद कर" एवढंच सटवाला म्हणाली आणि बाळंतिणींच्या खोलीच्या दाराशी थबकली.

आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज येत होता, अगदी स्वच्छ. "घाई नको. खांदा वळवा. आता हळू."

सारजाबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. थोड्या वेळाने बाळ रडलं.

"ताई, मदी कॉल तुटलता का?" दिपालीने नंतर विचारलं.

"न्हाई. चित्र जरा थांबलं, पापणी लवंल तेवढं. काय झालं?"

"जिन्यातली तार तुटली," दिपाली म्हणाली. ती खाली आली. लॅपटॉपवर जिन्याच्या तारेचे आकडे शून्यावर होते आणि दुसरीचे चढलेले. तिने जुळणी केली होती खरी, पण त्या क्षणी तिने बोटही लावलं नव्हतं. दोन्ही टोकांच्या स्विचनी आपसात ठरवून डॉक्टरीणबाईंचा शब्द अर्ध्यातून उचलला होता आणि दुसऱ्या तारेने पोचवला होता.  स्विचवर उरलेल्या त्या एकट्या हिरव्या दिव्याकडे ती पाहत उभी राहिली.