डबीतला किडा

आमच्या काकाचा एक ठाम नियम आहे. गिऱ्हाईक "किडे चावतात" म्हणालं, तर पिशवी उघडायची. पण गिऱ्हाइकानं स्वतःच डबीत किडा धरून आणला, तर पिशवी बंद करायची, पाणी प्यायचं आणि निघायचं. "डबीवाला भेटला ना," तो म्हणतो, "की समजायचं किडा घरात नाही, डोक्यात आहे." आणि हे काही त्यानं मनचं काढलेलं नाही हां, आमच्या किडे-उंदीर मारायच्या धंद्यात सगळेच म्हणतात. धागे, कोंडा, पावाचा चुरा, काय काय जपून ठेवतात लोक! दोन वर्षांत मीच चार डबीवाले बघितलेत.

हे आजोबा पाचवे.

तिसऱ्या मजल्यावर राहतात, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली. गुरुवारी सकाळी गेलो आम्ही, तर मुलानं काकाला दारातच गाठलं. आवाज एकदम खाली. "बघितल्यासारखं करा आणि काही नाही म्हणून सांगा. परवा शनिवारी बाबांना वृद्धाश्रमात नेतोय. दोन आठवडे झाले, स्वतः झोपत नाहीत, आम्हाला झोपू देत नाहीत. डॉक्टर म्हणाले वयानं कातडी कोरडी पडलीय. त्यांना ते पटत नाही. तुम्ही सांगितलंत तर पटेल."

त्याच्या मागे सून उभी. इतकं उकडत होतं, माझा शर्ट पाठीला चिकटलेला, आणि ही मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालून. तेव्हा नुसतं बघितलं मी. लक्षात मात्र राहिलं.

काकानं काम नीट केलं, खोटं कशाला बोलू. गादी उलटी केली, शिवण न् शिवण बॅटरीनं बघितली, पलंगाचे सांधे, भिंतीवरच्या फ्रेमांच्या मागे, सगळीकडे. ढेकूण असला की काळे ठिपके सोडतो, कात टाकतो, त्याच्या खुणा लपत नाहीत. इथे काही म्हणजे काही नाही. आणि तेवढ्यात आजोबांनी खिशातून काढली ना डबी! घड्याळाच्या स्प्रिंगा ठेवतात तसली, गोल, पत्र्याची. काकानं उघडली, नाकाजवळ नेली, आणि "धूळ आहे हो, आजोबा" म्हणत मारली फुंकर.

"अहो, तो पुरावा होता!" आजोबा ओरडले.

"होता," काका म्हणाला.

हसू नका, मलाही हसू आलं होतं. पण मग आजोबांनी तिरीमिरीत शर्ट वर केला आणि पाठ फिरवली. तिथेच माझं हसू गेलं. कारण बघा, ज्यांना भास होतात ना, ते स्वतःला ओरबाडतात. मग खुणा कुठे असतात? दंडावर, मांडीवर, जिथे हात पोचतो तिथे. यांच्या पाठीच्या बरोबर मधोमध, दोन्ही हात मागे नेले तरी बोट टेकणार नाही अशा जागी, लाल लाल पुळ्यांचा पुंजका. आणि एकही ओरखडा नाही! मी काकाला कोपर मारलं. काका म्हणाला, "घामोळं."

निघताना आजोबांनी माझी बाही धरली. "पोरी, तू बघितलंस. तू बघितलंस ना?" मग दाराकडे डोळे करून, अगदी हळू, "सूनबाई टाकते काहीतरी. चादर तीच घालते. दुसऱ्या कुणाला चावत नाही, मलाच बरं चावतं?"

झालं. माझ्या डोक्यात तेच घुमायला लागलं. लांब बाह्या, चादर, शनिवार. खोली कुणाला मिळणार? तिच्याच मुलीला, दहावीतली आहे, हॉलमध्ये अभ्यास करते. जिन्यात काकाला म्हटलं तर म्हणाला, "तू कीटक पकड. सुना पकडायचं काम पोलिसांचं."

शुक्रवारी माझी सुट्टी होती. म्हणजे मी काय केलं असेल ते तुम्हाला कळलंच. चिकट कागदाचे सहा तुकडे घेऊन गेले. घरात सूनबाई आणि खिडकीशी आजोबा, दोघंच. "काका तर काही नाही म्हणाले," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "नियम आहे, दुसऱ्यांदा बघावं लागतं." थाप! पलंगाच्या चार पायांशी चार कागद, खिडकीत एक, आणि उशाच्या भिंतीतून वर माळ्याकडे पाण्याचा पाइप गेलाय, तिथे भोकाच्या खाली एक. त्या दारात उभ्या राहून प्रत्येक कागद बघत होत्या. मी हात धुवायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि सिंकखालचं कपाट उघडलं. हो, उघडलं! चोरूनच. आत रबरी हातमोजे आणि एक बरणी, अर्धी पांढरी पावडर, नाव नाही काही नाही. मागे वळते तर सूनबाई. त्यांनी माझ्यासमोर कपाटाचं दार पायानं बंद केलं. मी सरळ घरी आले.

आता शनिवार. काकाचं त्याच इमारतीत तळमजल्याचं काम होतं, मी त्याला गटारांच्या झाकणांपाशी सोडून पळतच वर. मुलगा दारात, आजोबांची बॅग भरून तयार, खाली गाडी बोलावलेली. "पाच मिनिटं," म्हटलं आणि घुसले आत.

पलंगाच्या पायाशी चारही कागद कोरे. एका मुंगीला सोडून. खिडकीतला कोरा. पाइपखालचा काढला, तर वरच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. शंभर तरी असतील! फक्त वरच्याच कडेला हां, म्हणजे वरून खाली येत होते. आजोबांनी आपलं घड्याळ बघायचं भिंग माझ्या डोळ्यात बसवलं. ठिपके हलत होते. काहींची पोटं लालबुंद.

"पाय मोज," आजोबा म्हणाले.

"आठ."

"मग? कोरड्या कातडीला पाय असतात का?"

मी विचारलं, "माळ्यावर काय आहे?" सूनबाई चटकन म्हणाल्या, "काही नाही, जुने खोके." इतक्या चटकन की मला वाटलं, सापडलं! स्टूल ओढलं, चढले, खोके सरकवले. आणि वास आला. ज्याला एकदा कळला त्याला जन्मात चुकणार नाही असा वास. मागे पाइपाला चिकटून घरटं, कुरतडलेल्या कागदाचं आणि चिंध्यांचं, त्यात वाळून कडक झालेले दोन उंदीर. शेजारी उंदीर मारायचा निळा केक, अर्धा खाल्लेला, आणि तो ज्या तबकात होता त्या तबकावर शिक्का.

आमचा शिक्का.

आता नीट ऐका. उंदराच्या अंगावर गोचिडीच्या जातीचे, आठ पायांचे बारीक किडे असतात, त्याच्याच रक्तावर जगतात, माणसाच्या वाटेला जात नाहीत. पण उंदीर मेला, गार पडला, की ते उपाशी. मग निघतात ऊब शोधत. म्हणून तर विष ठेवलं की आठवड्यानं परत जायचं, मेलेले उचलायचे, घरटं काढायचं, फवारायचं. पहिल्या दिवशी मला हेच शिकवलं होतं काकानंच. खाली उतरून स्वयंपाकघराच्या दाराआड चिकटवलेलं आमचं कार्ड बघितलं. तीन आठवड्यांपूर्वीची तारीख, तेव्हा मी बरोबर नव्हते, 'माळा, चार केक', काकाची सही. पुढच्या भेटीचा रकाना कोरा. तीन दिवस मी सगळ्यांवर संशय घेतला, आजोबांवर, सुनेवर, त्या बिचाऱ्या दहावीतल्या पोरीवरसुद्धा. आणि आम्ही?

काका तेवढ्यात वर आला. स्टुलावर चढला, बघितलं, उतरला. माझ्या कानाशी म्हणाला, "कबुतरांचे आहेत म्हण. कबुतरांचेही असतात असे."

"असतात. पण हे नाहीत."

"अगं, सगळ्या इमारतीचं काम आहे आपल्याकडे."

मुलगा दारातून, "झालं का? गाडी थांबलीय खाली."

आणि मी बोलून टाकलं. एका दमात, घाबरत घाबरत. "आजोबांना भास नाही होत. हे उंदरांचे किडे आहेत. उंदीर आम्ही मारले आणि घरटं काढायला आलोच नाही, म्हणून ते खाली आले. चूक आमची आहे." काकानं खांद्यावरची पिशवी उघडली.

मुलाला पटेना. "मग आम्हाला का नाही चावत? एकाच घरात राहतो ना सगळे? दोन आठवड्यांत फक्त बाबांनाच?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं, की भोक त्यांच्या उशाशी आहे. पण मी ते दिलं नाही. मी सूनबाईंच्या बाह्यांकडे बघितलं. बघतच राहिले. आता वाटतं, उद्धटपणाच होता तो. त्या लाल झाल्या, मग पांढऱ्या, आणि मग त्यांनी एक बाही कोपरापर्यंत वर केली. मनगटापासून वर पुळ्याच पुळ्या. चादर घालताना पलंगावर हात टेकतो ना, तिथे.

"कधीपासून?" मुलानं विचारलं.

"आठ दिवस."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही रोज म्हणायचात बाबांचं डोकं फिरलंय. मला वाटलं, त्यांचं ऐकून ऐकून माझंही फिरलं. मुंग्यांची पावडर आणून लपून गादीखाली टाकत होते, त्यांच्याही आणि आपल्याही. तपासायला माणसं येणार म्हटल्यावर पुसून काढली. उद्या मलाही बॅग भरून द्याल म्हटलं!"

आजोबा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मी ह्या पोरीला सांगितलं होतं, तूच टाकतेस म्हणून."

"टाकत होतेच की," सूनबाई म्हणाल्या.

मला अजून कळत नाही, आजोबा गेले असते तर त्या बोलल्या असत्या की नसत्या. खरंच नाही कळत. पण त्यांनी नवऱ्याच्या हातातली बॅग घेतली आणि मला विचारलं, "ह्यातल्या कपड्यांतही असतील का गं?"

"असतील. खोलीतलं काहीच तसंच बाहेर न्यायचं नाही. आधी कढत पाणी."

"ऐकलंत? गाडी परत पाठवा," नवऱ्याला म्हणाल्या. आणि बॅग सरळ न्हाणीघरात उपडी केली.

मुलगा खाली गेला गाडीवाल्याला सांगायला. काका एव्हाना मोजे चढवून माळ्यावर पोचला होता. आजोबा न्हाणीघराच्या दारात जाऊन ओरडत होते, "अगं, तो लोकरीचा स्वेटर तरी काढ! कढत पाण्यात आटेल!"

"आटू दे," आतून आवाज. "घरातच घालायचाय."