मालतीबाईंच्या हातचा झेंडा

शेफाली मध्य प्रदेशातल्या सौंसरला येऊन जेमतेम आठ महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत मालतीबाई सहारेंना तिच्यात एकही खोट सापडली नव्हती. हेच तर खरं दुखणं होतं. बाई आळशी असती, तोंडाळ असती, निदान शिवण तरी तिरकी असती, तर मालतीबाईंच्या जिवाला जरा थंडावा मिळाला असता. पण बंगालातल्या कूचबिहारकडची ही सडपातळ बाई मशीनवर बसली की कापड तिच्या बोटांखालून निमूट सरकायचं, टीप सरळ पडायची, आणि बचत गटातल्या बाया हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत बसायच्या. 

मालतीबाई त्या गटाच्या अध्यक्ष. बावीस वर्षं मशीन चालवलेली बाई. त्या ऑगस्टात गटाला घरोघरी लावायचे तिरंगे शिवायचं मोठं काम मिळालं होतं. पांढुर्ण्याहून कापडाचे गठ्ठे आले आणि समाजभवनात सहा मशिनी ओळीनं मांडल्या गेल्या. शेफालीचा नवरा बिमल कंपनीत कामाला, त्यांची भाड्याची खोली मालतीबाईंच्याच गल्लीत. "घरी बसून कंटाळून राहिली बिचारी, येऊ दे न तिले," म्हणत करुणानं तिला गटात आणलं होतं. 

करुणा मालतीबाईंची जिवाभावाची मैत्रीण. पंधरा वर्षं दोघींनी एकमेकींच्या डब्यात हात घातले. आता डबे उघडले की करुणा शेफालीकडे सरकायची, तिची मोहरी वाटून केलेली भाजी चाखायची आणि "काय मस्त लागते व!" म्हणून बोटं चाटायची. आपल्या झुणक्याला तिनं असं कधी नावाजलं होतं का, हे मालतीबाई आठवू लागल्या. नावाजलं असेलही, पण रागावलेल्या माणसाला नेमकं तेवढंच आठवत नाही. त्यात गटातल्या बायांनी शेफालीला आपली बोली शिकवली. ती "मी शिवून राहिली, दीदी" म्हणाली की सगळ्या खिदळायच्या, आणि मालतीबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. 

चौदा तारखेला हे काम देणाऱ्या पांढुर्ण्याच्या साहेबीणबाई काम बघायला आल्या. गठ्ठ्यातून एक झेंडा उचलून त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, कडेवरून बोट फिरवलं. "हा कोणाच्या हातचा? उद्या शाळेच्या खांबावर हाच लावा." 

झेंडा शेफालीचा होता. बायांनी टाळ्या वाजवल्या. मालतीबाईंनीही वाजवल्या, अध्यक्ष होत्या ना. 

शाळेच्या खांबावरचा झेंडा म्हणजे त्यांना नुसतं कापड नव्हतं. त्यांचे सासरे भिवाजी लहानपणी गावच्या शाळेत शिकले, तेव्हा पंधरा ऑगस्टला त्यांना आणि त्यांच्या वस्तीतल्या पोरांना खांबापासून लांब उभं करत. दोरीला हात लावायची सोय नव्हती. त्याच भिवाजींचा मुलगा मुकुंद सौंसरच्या शाळेत शिपाई झाला आणि सव्वीस वर्षं झेंड्याची दोरी त्यानं बांधली. घडी कशी घालायची, आत पाकळ्या कशा ठेवायच्या, एका झटक्यात सुटेल अशी गाठ कशी मारायची, हे त्यानं बायकोला शिकवलं. तो गेल्यावर हेडमास्तरांनी दोरी मालतीबाईंच्या हाती दिली. तेव्हापासून झेंडा त्यांनी शिवायचा आणि त्यांनीच बांधायचा. यंदा दोरी त्यांची राहिली, झेंडा मात्र काल आलेल्या बाईचा झाला. 

पंधरा तारखेला सकाळी मालतीबाई खांबाजवळ पोचल्या तेव्हा करुणा शेफालीच्या वेणीत गजरा माळत होती. दोघी हसत होत्या. मालतीबाईंनी घडी घातली, पाकळ्या ठेवल्या, दोरी घेतली. हात काम करत होते, पण डोळे त्या गजऱ्यावर होते. 

शेफाली जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "दीदी, हरा ऊपर जा रहा है." 

आता मान वळवून बघायला कितीसा वेळ लागतो? पण त्या क्षणी मालतीबाईंना वाटलं, हिनं गट घेतला, मैत्रीण घेतली, मुकुंदची दोरी तेवढी उरली होती, तीही हिला पाहिजे. 

"तू शिकवशील मले झेंडा बांधाले?" त्या फणकारल्या. "चाल, हो तिकडं." 

शेफाली झटकन मागे सरली. मालतीबाईंनी गाठ आवळली आणि घडी सरसर वर चढवली. 

झेंडावंदनाच्या पाहुण्यांनी दोरीला झटका दिला. पाकळ्या पडल्या, बँड वाजला, झेंडा उलगडला. हिरवा वर आणि केशरी खाली. राष्ट्रगीत म्हणायला उघडलेली तोंडं तशीच उघडी राहिली. हेडमास्तर धावत आले, झेंडा उतरवला, सरळ करून चढवला. सगळं दोन मिनिटांत निस्तरलं असतं, पण मैदानात चेतन होता. 

चेतन म्हणजे गावातल्या पोरांचा पुढारी. आठवडाभर त्याची टोळी मोटरसायकलींना झेंडे बांधून गल्लीगल्लीत फिरत होती, आणि परगावच्या कामगारांच्या खोल्या दिसल्या की तिथंच थांबून घोषणा देत होती. "कोनं शिवला हा झेंडा?" तो गरजला. 

"त्या बंगाली बाईनं," मागून कोणीतरी बोललं. 

"बंगाली का बांगलादेशी? मुद्दाम उलटा शिवला तिनं. आपल्या झेंड्याचा अपमान करून राहिले हे लोक आपल्याच गावात!" 

झेंडा उलटा शिवता येत नाही, उलटा बांधता येतो. त्या मैदानात शंभर माणसं तरी हे जाणत होती, पण कोणाला ते आठवायचं नव्हतं. आणि मालतीबाई कशा चुकतील? 

तीन शब्दांचं काम होतं. गाठ मी बांधली. ते शब्द मालतीबाईंच्या दातांपर्यंत आले. तेवढ्यात त्यांनी पाहिलं, करुणा शेफालीपासून दोन पावलं लांब झाली. गजरा माळणारे हात पदराखाली गेले. आणि लपवून काय उपयोग, मालतीबाईंना त्या वेळी फार बरं वाटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा इतकं बरं वाटलं. त्या गप्प राहिल्या. 

शेफालीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून ती घरी निघून गेली. 

दुपारी गल्लीत ओरडा झाला. मालतीबाई दारात आल्या. तीन घरं सोडून बिमलच्या खोलीपुढे चेतनची टोळी जमली होती. बिमल दोघांची आधार कार्डं हातात धरून उभा होता. "आधार तर कोनीबी बनवते," चेतन म्हणत होता, "संध्याकाळच्या आत खोली खाली कर." पोरं हातातल्या काठ्या पत्र्याच्या दारावर आपटत होती. काठ्यांना झेंडे होते. मालतीबाईंनी ते लांबूनच ओळखले. समाजभवनातच शिवलेले, आणि निम्म्यांवरची ती सरळ टीप शेफालीचीच होती. दारावर काठी पडली की झेंडा दाराला घासायचा. 

मग मात्र मालतीबाईंना उभं राहवेना. चप्पल न घालताच त्या गर्दीत शिरल्या. 

"थांबा! तिचा काही दोष नाई. गाठ म्या बांधली!" 

काठ्या खाली आल्या. चेतन वळला. 

"उलटी गाठ म्या बांधली," मालतीबाई धापा टाकत म्हणाल्या. "तिनं मले सांगतलं होतं, हिरवा वर जाऊन राहिला म्हणून. मीच ऐकलं नाई. तिच्यावर जळून राहिली होती मी." 

चेतनच्या चेहऱ्यावर राग आला नाही. उलट तो विरघळला. पुढे येऊन त्यानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "काकू, तुमचं मन लई मोठं हाये. मुकुंदकाकानं शिकवलेली गाठ, अन् ते चुकन? कोनाले सांगता?" तो पोरांकडे वळला. "पाहा रे, याले म्हनतात आपली मानसं. दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेऊन राहिल्या." 

"खोटं नाई बोलून राहिली मी!" मालतीबाई ओरडल्या. 

करुणा कुठूनशी आली होती. तिनं त्यांच्या दंडाला धरलं. "काहून तिच्यासाठी बदनाम होतं व, मालती? चाल घरी." कोणीतरी मालतीबाईंच्या नावानं जय म्हटलं, बाकीच्यांनी री ओढली. त्या ओरडत होत्या ते त्या जयजयकारात बुडून गेलं. 

बिमलनं वाद घातला नाही. त्यानं आत जाऊन दोन पिशव्या आणि एक गाठोडं आणलं. पांढुर्ण्याच्या स्टेशनला जाणारी जीप कोपऱ्यावर उभी होती. शेफाली मालतीबाईंच्या अगदी जवळून गेली, तेव्हा क्षणभर थांबली. बायांनी शिकवलेल्या बोलीतच म्हणाली, "दीदी, सकाळी काहून नाई बोलली?" 

उत्तरासाठी ती थांबली नाही. 

चेतननं एका काठीचा झेंडा सोडून, नीट घडी घालून त्यांच्या हातात दिला. "काकू, सव्वीस जानेवारीले झेंडा तुमच्याच हातचा. बाहेरच्याचा आता खांबाले लागनार नाई." 

म्हणजे मालतीबाईंना हवं होतं ते सगळं मिळालं. करुणा खेटून उभी होती, झेंडा त्यांचा होता, दोरी त्यांची होती, गल्ली त्यांचं नाव घेत होती. आणि त्यांनी कबूल केलं ते खरं होतं, हे मानणारी सगळ्या सौंसरात एकच बाई होती. ती जीपमध्ये बसली, आणि जीप चालू झाली.