उतरती मात्रा

केसरने बाटली दाराच्या उजेडात धरली. वर चिकटवलेल्या कागदी पट्टीवरच्या मात्रांच्या बऱ्याच खुणा सकाळी शिल्लक होत्या. आता तळाला थेंबही नव्हता.

तिचा नवरा चंदर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"अवं," तिने हाक मारली. तो हलला नाही.

चंदर किहीमचा नावाजलेला तांडेल, होडीचा प्रमुख. थंडीवाऱ्यात छाती दुखते म्हणून कुणी दिलेली अफू वर्षानुवर्षं पोटात जात राहिली. पुढे जाळं ओढताना हात कापू लागले, तशी माणसं त्याच्या होडीवर येईनाशी झाली. शेवटी तो आपण होऊनच अलिबागच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी दिलेल्या औषधातही अफूच होती, पण दर खेपेला कमी.

"एकदम सुटली तर हाल होतील, जिवावरही बेतेल," डॉक्टरांनी केसरला बजावलं होतं. "आणि सगळं एकदम प्याला, तर उठायचाच नाही. डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी दिसली, की झोपू देऊ नकोस. त्याला तसाच इकडे आण."

तेव्हा बाटली आपल्याकडे ठेवायचं तिच्या ओठांवर आलं होतं. तांडेलाला असं कसं म्हणायचं, म्हणून राहून गेलं.

ती त्याच्याजवळ बसली. बाहेर जावा वाळवणावरचे कावळे हाकत होत्या. अखेर तिने लुगड्याला बोटं पुसली आणि त्याची पापणी उचलली.

बाहुली मोठी होती, अंधारातल्या मांजराची असते तशी. डोळ्याला पाण्याची धार लागली होती.

"सोड," तो म्हणाला. "जागाच हाय मी."

"बाटली..."

"प्यालो न्हाय. ओतली." त्याचे दात वाजत होते. "घोटभर घ्यावं म्हणून बूच काढलं, तर हात थांबंना. तोंडाला लागायच्या आत परसात उपडी केली."

केसरला हायसं वाटलं ते क्षणभरच. मग डॉक्टरांचं पहिलं वाक्य आठवलं: एकदम सुटली तर जिवावरही बेतेल.

"हाक मारली तवा बोलला का न्हाय?"

"भ्यालो."

हा शब्द तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिने त्याच्याभोवती घोंगडी गुंडाळली आणि शेजारच्या नामाला गाडी जुंपायला सांगितली.

डॉक्टर रागावले. पण चंदरला समोर बसवून त्यांनी एक मात्रा पाजली, नवी बाटली भरली आणि सवयीने त्याच्यापुढे धरली. चंदरने घोंगडीतून हात बाहेर काढले नाहीत.

"तिच्याकडं द्या," तो म्हणाला.

केसरने बाटली कमरेला खोचली. परतीच्या वाटेवर गाडीला हिसका बसला, की तिचा हात आपसूक तिथे जाई. आणि दर वेळी चंदर मान वळवून समुद्राकडे बघू लागे.